हजेरीपटावरून खोडलेलं नाव

मोकळ्या तासाला वर्गात काय चालतं, हे शाळेची पायरी चढलेल्या कुणालाही सांगायला नको. मास्तर आलेले नसतात. मॉनिटरच्या दरडावण्याला कुणी भीक घालत नाही. कागदाचे बाण सुटतात, मागच्या बाकावर कुस्ती जुंपते, आणि शेजारच्या वर्गातले मास्तर दर पाच मिनिटांनी भिंतीपलीकडून ओरडतात.

दक्षिण कलकत्त्यातल्या भवानीपूर भागात मित्र इन्स्टिट्यूशन नावाची शाळा आहे. १९३०च्या दशकात या शाळेच्या वरच्या वर्गाला असाच एक मोकळा तास मिळाला. पण या वर्गाचा दंगा जरा वेगळा होता. एक उंच, सडपातळ मुलगा गात होता आणि बाकीचे बाकं बडवून ठेका धरत होते. एक गाणं संपलं की दुसऱ्याची फर्माईश. गाणारा रंगात आलेला, ऐकणारे त्याहून अधिक. आवाज व्हरांड्यातून थेट असिस्टंट हेडमास्तरांच्या खोलीपर्यंत गेला.

ते वर्गात आले. गाणारा कोण, एवढंच त्यांनी विचारलं. मुलगा उभा राहिला. मास्तरांनी हजेरीपट मागवला आणि त्यावरचं त्याचं नाव खोडून टाकलं. आता शाळा सोड आणि गातच फिर, असा टोमणाही त्यांनी मारल्याचं सांगतात.

मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आलेली होती.

त्या काळी मॅट्रिकला काय मोल होतं, याची कल्पना आज येणं कठीण आहे. कलकत्ता विद्यापीठाची ती परीक्षा पास झाली म्हणजे निदान कारकुनाच्या खुर्चीची आशा. नापास झाला किंवा परीक्षेलाच बसला नाही, तर तीही नाही. या मुलाचे वडील स्वतः कारकून होते. चोवीस परगणा जिल्ह्यातल्या बहडू गावचं हे कुटुंब पोटासाठी कलकत्त्याला आलेलं. चार मुलगे आणि एक मुलगी. पगार बेताचा. अशा घरातल्या मुलाचं नाव परीक्षेच्या तोंडावर शाळेतून काढलं जातं, आणि तेही चोरी-मारामारीसाठी नव्हे, गाण्यासाठी! बातमी घरी सांगताना त्या मुलाच्या पोटात कसा गोळा आला असेल?

वडील शाळेत गेले. हात जोडले, विनवण्या केल्या. मास्तरांचं मन द्रवलं आणि नाव पुन्हा हजेरीपटावर चढलं.

ते नाव होतं हेमंत मुखोपाध्याय. मराठी माणूस ज्यांना हेमंतकुमार म्हणून ओळखतो, तेच हे!

कथाकार, कवी आणि गायक

हेमंतकुमारांच्या मोठेपणाच्या गोष्टी पुष्कळांनी लिहिल्या आहेत. पण त्यांच्या शाळकरी दिवसांची खरी गंमत त्या एकट्या मुलात नाही, ती त्याच्या टोळक्यात आहे. या टोळक्यात सुभाष मुखोपाध्याय नावाचा एक मुलगा होता. आडनाव एकच असलं तरी दोघांचं नातं काही नव्हतं. बंगालमध्ये मुखोपाध्याय म्हणजे मुखर्जी, आणि मुखर्जी म्हणजे आपल्याकडचे कुलकर्णी! गल्लोगल्ली सापडणारे. सुभाषचा जन्म १९१९च्या फेब्रुवारीतला, कृष्णनगरचा. हेमंतचा १९२०च्या जूनमधला, काशीला आजोळी झालेला. म्हणजे सुभाष सव्वा वर्षानं मोठा. दोनतीन शाळा पालथ्या घालून तो भवानीपूरच्या या शाळेत येऊन पोचला होता.

याच सुमारास आणखी एका मुलाशी मैत्री जमली. त्याचं नाव संतोषकुमार घोष. पूर्व बंगालमधल्या फरीदपूर जिल्ह्यातला. तिघांचं मेतकूट जमायला कारण झालं साहित्य. कलकत्त्याच्या त्या दिवसांत गल्लीगल्लीतून हस्तलिखित मासिकं निघत आणि मिसरूड न फुटलेली मुलं रवींद्रनाथांवर तावातावानं वाद घालीत. मित्र इन्स्टिट्यूशनमध्ये तर कविशेखर म्हणून गाजलेले कालिदास राय हे प्रत्यक्ष शिक्षक म्हणून वावरत होते. तेव्हा मुलांना लिहिण्याची बाधा झाली यात नवल नाही.

तर या तिघांची वाटणी अशी होती: हेमंत कथा लिहायचा, संतोष कविता करायचा आणि सुभाष गाणी म्हणायचा.

वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचायला हरकत नाही. कारण पुढे घडलं ते असं. कथा लिहिणारा हेमंत देशातला एक मोठा गायक झाला. गाणी म्हणणारा सुभाष कवी झाला आणि त्यानं ज्ञानपीठ पुरस्कार मिळवला. आणि कविता करणाऱ्या संतोषचं नाव झालं ते कथा-कादंबरीकार आणि पत्रकार म्हणून. बाकावर बसताना तिघांनी एकमेकांची दप्तरं उचलली असावीत, तसा हा प्रकार!

हेमंतचं कथालेखन हे काही पोरखेळ नव्हतं. त्याची कथा ‘देश’ साप्ताहिकात छापून आली. ‘देश’मध्ये नाव छापलं जाणं हे त्या वयाच्या मुलाला आकाशाला हात लागल्यासारखंच. घरातही लेखनाचं वारं होतं. त्याचा एक भाऊ, ताराज्योती, पुढे कथाकारच झाला. तेव्हा हेमंतनं आपण लेखक होणार असं मनाशी धरलं असेल तर त्यात चुकीचं काहीच नव्हतं. गाणं त्याच्या गळ्यात होतं, पण त्याची तालीम नव्हती. गवयाला द्यायला पैसे नव्हते. पेटी होती ती एका मित्राच्या घरी. तिथे जायचं, तबकड्या ऐकायच्या आणि ऐकलेलं गळ्यावर चढवायचं, हीच शिकवणी.

आपल्या गळ्यात काय आहे हे गाणाऱ्याच्या आधी शेजारच्या बाकावरच्या मित्राला कळलं.

गार्स्टिन प्लेसची वारी

सुभाषनं ठरवलं, की हेमंतला रेडिओवर गायला न्यायचं. नुसतं ठरवून तो थांबला नाही, त्यानं त्याचा पिच्छाच पुरवला.

कलकत्त्यात रेडिओ केंद्र सुरू झालं १९२७च्या ऑगस्टमध्ये. मुंबईचं केंद्र त्याच्या महिनाभरच आधीचं. कलकत्त्याच्या केंद्राचा पत्ता होता एक नंबर, गार्स्टिन प्लेस. जुन्या वळणाची इमारत, शेजारी जुनं दफनस्थान आणि रात्रीच्या भुताखेतांच्या कहाण्या. त्या कहाण्या केंद्रातले लोकच मिटक्या मारीत सांगत. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव यायचं होतं, ते आलं १९३६ साली. घरोघर रेडिओ नव्हतेच. ज्याच्या घरी असेल त्याच्या खिडकीखाली गल्ली जमायची. पण ज्याचा आवाज त्या पेटीतून आला तो गल्लीत रातोरात मोठा व्हायचा, हे या मुलांना पक्कं ठाऊक होतं.

१९३५ साली दोघं गार्स्टिन प्लेसला गेले. आवाजाची चाचणी झाली आणि हेमंत पास झाला. आता खरी अडचण. गायचं काय? दुसऱ्याच्या तबकडीवरचं गाणं रेडिओवर जसंच्या तसं म्हणून कसं चालेल? नवं गाणं हवं. नवं गाणं म्हणजे कवी हवा, चाल लावणारा हवा. शाळकरी पोरांना कोण विचारतो? शेवटी सुभाषनं मार्ग काढला. कमल दासगुप्तांच्या एका गाण्याची चाल तेव्हा सर्वांच्या तोंडी होती. त्या चालीत बसतील असे शब्द सुभाषनं स्वतः लिहून दिले. दुसरं गाणं म्हणून एक भटियाली घेतली. भटियाली म्हणजे पूर्व बंगालच्या नावाड्यांचं लोकगीत.

एवढं झालं आणि घरून नकार आला. कारकुनाच्या घरातला मुलगा रेडिओवर गाणार, हे वडिलांना पसंत नव्हतं. त्यांचं तरी काय चुकलं? गाणंबजावणं हा भल्या घरच्या मुलाचा धंदा नव्हे, असं मानण्याचा तो काळ. आपल्या मुंबई-पुण्यातल्या घरांतही याहून वेगळं बोललं जात नव्हतं. शेवटी आईनं मध्यस्थी केली. आयांनी केलेल्या अशा मध्यस्थीची नोंद कुठल्याच हजेरीपटात होत नाही. पण भारतीय संगीतात तिचा वाटा केवढा आहे, याचा कुणीतरी एकदा हिशेब मांडायला हवा.

हेमंत रेडिओवर गायला. त्या दिवशी एका मुलाचा आवाज पहिल्यांदा हवेत गेला आणि दुसऱ्या मुलाचे शब्द. म्हणजे गायकाचं पहिलं गाणं त्याच्या वर्गमित्रानं लिहिलेलं, आणि हा वर्गमित्र टोळक्यातला गाणारा. अदलाबदल झाली ती तिथेच म्हणायची.

रेडिओवर गायलं म्हणून तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांनी काही पायघड्या घातल्या नाहीत. त्यासाठी १९३७ उजाडावं लागलं. त्या वर्षी दोघंही मॅट्रिक झाले. एकदा नाव खोडलं गेलेला हेमंत पहिल्या वर्गात पास झाला. त्याच वर्षी शैलेश दत्तगुप्त या संगीतकारानं त्याची पहिली तबकडी कोलंबिया कंपनीसाठी बसवली. तरीही वडिलांची इच्छा मोडवली नाही. मुलानं जादवपूरच्या तंत्रशिक्षण संस्थेत इंजिनियरिंगला नाव घातलं. ते शिक्षण अर्धवट सुटलं. गाण्याच्या शिकवण्या, रेडिओ, तबकड्या असं करत त्यानं आपला रस्ता धरला. सुरुवातीला लोक त्याला ‘छोटा पंकज’ म्हणत, कारण आवाजावर पंकज मल्लिकांची दाट छाया होती. ती छाया हळूहळू सरली.

पायदळातला कवी

इकडे सुभाष आशुतोष कॉलेज आणि नंतर स्कॉटिश चर्च कॉलेजात तत्त्वज्ञान शिकत होता. १९४० साली त्याचा पहिला कवितासंग्रह ‘पदातिक’ निघाला. पदातिक म्हणजे पायदळातला शिपाई. बुद्धदेव बसूंच्या ‘कविता भवना’नं तो काढला. कवीचं वय अवघं एकवीस, कॉलेज अजून संपायचं होतं. चंद्र, चाफा आणि विरह यांत रमलेल्या कवितेला या पोरानं मोर्चा आणि गिरणी दाखवली. बंगाली वाचकांनी कान टवकारले.

सुभाषदांचं पुढचं आयुष्य त्या शीर्षकाला जागलं. १९४२मध्ये ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. १९४८ साली बंगालमध्ये पक्षावर बंदी आली आणि सुभाषदा तुरुंगात गेले. सुटून आल्यावर १९५१ साली गीतादेवींशी लग्न झालं, आणि हे नवं जोडपं बजबज भागातल्या ब्यांजनहेडिया या खेड्यात ताग गिरण्यांच्या मजुरांमध्ये जाऊन राहिलं. नवा संसार मांडायला माणसं हवेशीर जागा बघतात, यांनी गिरणीच्या धुराखाली घर केलं! तुर्की कवी नाझिम हिकमत यांच्या कविता त्यांनी बंगालीत आणल्या. ‘परिचय’ या नावाजलेल्या मासिकाचं संपादन केलं. १९६४चं साहित्य अकादमी पारितोषिक ‘जतो दूरेइ जाइ’ या संग्रहाला मिळालं. पुढे पक्षापासून ते दूर गेले आणि त्याबद्दल जुन्या सहकाऱ्यांचे बोलही त्यांनी ऐकून घेतले.

संतोषकुमार घोषांची हकिकत थोडक्यात सांगता येते. ते वर्तमानपत्रात शिरले आणि ‘आनंदबाजार पत्रिके’च्या कर्त्या माणसांपैकी एक झाले. ‘किनु गोयालार गली’ ही त्यांची कादंबरी कलकत्त्याच्या एका अरुंद गल्लीतल्या माणसांची. तिच्यावर चित्रपटही निघाला. ‘शेष नमस्कार’ या कादंबरीला १९७२चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं. ती आईला उद्देशून लिहिलेली आहे. १९८५च्या फेब्रुवारीत ते गेले. एका टोळक्यातल्या दोघांना साहित्य अकादमीचा मान मिळाला, आणि ‘देश’मध्ये कथा छापून आलेला तिसरा त्या यादीत नाही, हेही मजेशीरच.

कलकत्ता ते मुंबई

तिसरा कुठे होता, हे मराठी वाचकांना वेगळं सांगायला नको. चळवळीच्या दिवसांत हेमंतदाही डाव्या विचारांच्या कलावंतांमध्ये वावरत होते. सलिल चौधरी त्यांना तिथेच भेटले. सलिलदांनी लिहिलेली आणि स्वरबद्ध केलेली ‘गाँयेर बधू’ ही तबकडी १९४९ साली आली. खेड्यातल्या एका सुनेची, दुष्काळानं उजाड केलेल्या घराची ती कहाणी. पंधरा वर्षांपूर्वीच्या प्रेमगीतांवर वाढलेल्या श्रोत्यांना हे गाणं म्हणजे धक्काच होता. सुभाषदा कवितेत जे करत होते ते हेमंतदांच्या गळ्यातून गाण्यात उतरलं, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. आणि विशीतच क्षयानं गेलेल्या सुकांत भट्टाचार्य या कवीची ‘रानार’ ही कविता, रात्रभर टपाल घेऊन धावणाऱ्या हरकाऱ्याची, सलिलदांच्याच चालीत हेमंतदांनी घरोघर पोचवली.

१९५१ साली मुंबईहून बोलावणं आलं. दिग्दर्शक हेमेन गुप्ता फिल्मिस्तानसाठी ‘आनंदमठ’ करत होते. संगीत हेमंतदांनी दिलं, चित्रपट १९५२ साली लागला. पण मुंबईत जीव रमेना. परत जायची भाषा सुरू झाली. तेव्हा फिल्मिस्तानचे शशधर मुखर्जी (पुन्हा मुखर्जीच!) यांनी त्यांना अडवलं. आधी एक गाजणारा चित्रपट दे, मग खुशाल जा, अशी अट घातली. तो गाजलेला चित्रपट म्हणजे १९५४चा ‘नागिन’. त्यातली बीन खऱ्या पुंगीवर वाजलेली नाही. कल्याणजींनी ती क्लाव्हियोलिन या तेव्हा नव्या असलेल्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती, हे आता पुष्कळांना माहीत आहे. पण लग्नाच्या वरातीत ती धून लागली की आजही कुणीतरी रुमाल तोंडात धरून जमिनीवर लोळण घेतोच! ‘नागिन’साठी हेमंतदांना फिल्मफेअरचं पारितोषिक मिळालं. परत जायचं राहून गेलं. पुढची कितीतरी वर्षं त्यांची एक पाटी मुंबईत आणि एक कलकत्त्यात. इकडे ‘बीस साल बाद’, ‘खामोशी’, तिकडे उत्तमकुमारचा आवाज आणि रवींद्रसंगीत.

या मुंबईच्या वास्तव्याचा थोडा वाटा मराठीच्याही पदरात पडला. शांता शेळक्यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लताबाईंची साथ असलेलं ‘मी डोलकर’ हे कोळीगीत कुणाला माहीत नाही? त्यातला पुरुषाचा आवाज भवानीपूरच्या या मुलाचा आहे. पुढे १९७६च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या चित्रपटात सुधीर मोघ्यांचं ‘गोमू संगतीनं’ त्यांनी आशाबाईंबरोबर म्हटलं. संगीत पुन्हा हृदयनाथांचंच. बंगालीत ‘ळ’ नाही, आणि आपली कोळी बोली पुण्याच्या माणसालाही धड जमत नाही. तरीही हा बंगाली माणूस त्या होडीत परका वाटत नाही. शाळकरी वयात रेडिओवर म्हटलेल्या पहिल्या दोन गाण्यांतलं एक नावाड्यांचं होतं, हे आठवलं की नवल थोडं कमी होतं.

दोघांचे मानसन्मान

मानसन्मानांच्या बाबतीत या दोघा मित्रांच्या तऱ्हा वेगळ्या. १९७०च्या दशकात सरकारनं पद्मश्री देऊ केली तेव्हा हेमंतदांनी ती नम्रपणे नाकारली. १९८७ साली पद्मभूषण देऊ केलं, तेही नाकारलं. गाण्यासाठीचं राष्ट्रीय पारितोषिक मात्र दोनदा घेतलं, १९७१च्या ‘निमंत्रण’साठी आणि १९८६च्या ‘लालन फकीर’साठी. १९८९च्या सप्टेंबरात ढाक्याला मायकेल मधुसूदन पुरस्कार घेऊन आणि तिथे गाऊन ते परतले आणि काही दिवसांतच, २६ सप्टेंबरला, कलकत्त्यात त्यांचं निधन झालं. वय एकोणसत्तर.

त्यानंतर दोनच वर्षांनी सुभाषदांना १९९१चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. कुसुमाग्रजांना १९८७चा मिळाला होता, त्यानंतरची ही चौथी निवड. गार्स्टिन प्लेसच्या त्या गाण्यासाठी शब्द जुळवणाऱ्या मुलाला देशातला सर्वांत मोठा साहित्यिक मान मिळाला, तेव्हा ते शब्द गाणारा मित्र पाहायला नव्हता. सुभाषदा २००३च्या जुलैत गेले.

बाकीच्या बाकांवरची मुलं

पण मग त्या वर्गातल्या बाकीच्या मुलांचं काय झालं? ठेका धरणारे, फर्माइशी करणारे, मास्तर येताच पुस्तकात डोकं खुपसणारे? त्यांतले बहुतेक कुठल्या ना कुठल्या कचेरीत लागले असतील. फाळणी आणि महागाई सोसत त्यांनी संसार केले असतील. रेडिओवर हेमंतदांचा आवाज आला की हा आमच्या वर्गातला, असं घरच्यांना सांगितलं असेल आणि पोरांनी त्यावर विश्वास ठेवला नसेल.

या मुलांची आठवण ठेवली ती त्याच भागात वाढलेल्या दुसऱ्या एका शाळकरी मुलानं. सत्यजित राय काही वर्षं भवानीपूरलाच बकुलबागान भागात मामांकडे राहत होते. त्यांची शाळा बालीगंज गव्हर्नमेंट हायस्कूल, आणि मॅट्रिक झाले ते १९३६ साली, हेमंत-सुभाषच्या एक वर्ष आधी. त्यांची ‘क्लास फ्रेंड’ नावाची एक छोटी कथा आहे. एका यशस्वी, सुखवस्तू माणसाकडे तीस वर्षांनी एक जुना वर्गमित्र येतो. कपडे विटलेले, चेहरा ओळखू न येण्याइतका बदललेला. शाळेच्या आठवणी मात्र तो धडाधड सांगतो. मास्तरांची नावं, वर्गातल्या गमती, सगळं बरोबर. मुलाच्या परीक्षेच्या फीसाठी त्याला थोडे पैसे हवे असतात. यजमानाला संशय येतो. हा खरोखर तोच, की कुणी तोतया? तो पैसे देणं लांबवतो, घरी नसल्याची सबब करतो. शेवटी पैसे न्यायला त्या माणसाचा मुलगा येतो. त्या पोराचा चेहरा पाहताच यजमानाला वर्गातला आपला मित्र समोर उभा दिसतो.

ज्यांच्या दारावर असा एखादा वर्गमित्र येऊन गेला आहे, त्यांना ही कथा वाचून रात्री झोप लागणं कठीण.

सत्यजितबाबू स्वतः एकदा आपल्या शाळेत परत गेले होते. बालपणाच्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी ते सांगितलं आहे. शाळा सोडताना त्यांची उंची बेताचीच होती. परत गेले तेव्हा ते सव्वासहा फुटांच्या वर गेले होते. दारं डोक्याला लागतील अशी वाटली, व्हरांडे आणि बाकं एवढीशी. पुन्हा त्या शाळेत ते कधी गेले नाहीत.

याच सत्यजितबाबूंनी १९६१ साली आजोबांनी सुरू केलेलं ‘संदेश’ हे मुलांचं मासिक पुन्हा काढलं, तेव्हा जोडीला संपादक म्हणून कुणाला घेतलं? सुभाष मुखोपाध्यायांना. एकेकाळी शेजारच्या गल्ल्यांतून दप्तर घेऊन शाळेला जाणारी ही दोन मुलं बंगालच्या पोरांसाठी गोष्टी आणि कोडी गोळा करत बसली.

पाच स्थानकं

कलकत्त्याचं आता कोलकाता झालं आहे. शहराच्या पूर्वेकडून जाणाऱ्या मेट्रोच्या नव्या मार्गाचा पहिला टप्पा २०२४च्या मार्चमध्ये सुरू झाला. हा टप्पा साडेपाच किलोमीटरांहूनही थोडा कमी आणि त्यावर स्थानकं पाच. दक्षिणेकडचं पहिलं स्थानक ‘कवी सुभाष’. मग ‘सत्यजित राय’. मग कथाकार ज्योतिरिंद्र नंदींच्या नावाचं स्थानक. त्यानंतर ‘कवी सुकांत’, ज्याचा हरकारा हेमंतदांनी घरोघर पोचवला तोच. आणि शेवटचं स्थानक ‘हेमंत मुखोपाध्याय’.

नावं देणाऱ्यांच्या मनात मित्र इन्स्टिट्यूशनचा तो मोकळा तास होता की काय, कोण जाणे! जवळजवळ दीड वर्ष या मार्गावरची प्रत्येक गाडी एका वर्गमित्राच्या नावावरून सुटायची आणि दुसऱ्याच्या नावाशी जाऊन थांबायची. सकाळच्या गर्दीत दप्तरं सांभाळत उभी असलेली मुलं ती नावं दिवसातून दोनदा ऐकायची.

२०२५च्या ऑगस्टमध्ये हा मार्ग पुढे वाढला. गाडी आता हेमंतदांच्या स्थानकावर संपत नाही. ऋत्विक घटक आणि पत्रकार बरुण सेनगुप्त यांच्या नावांची स्थानकं घेत ती बेलेघाट्यापर्यंत जाते. या मार्गावर सुरू झालेल्या स्थानकांत संतोषकुमार घोषांच्या नावाचं एकही नाही.